पहिल्या फळीची औषधे : नाव आणि निवड

एच.आय.व्ही.-संसर्गाच्या उपचारात 'पहिली फळी' हा शब्दप्रयोग वारंवार येतो. 'पहिली' म्हणजे प्राथमिक, अतएव सौम्य, आणि 'दुसरी' म्हणजे अधिक प्रभावी, असा अर्थ त्यातून सहज निघू शकतो. तो यथार्थ नव्हे. नव्याने उपचार सुरू करणाऱ्यास जो औषधसंच सर्वांत हितकर, तो पहिल्या फळीचा. तो निष्फळ ठरला तरच दुसरीकडे वळावयाचे. हा भेद ध्यानी न आल्यास गोळ्या चुकविल्या जातात, विषाणू औषधास दाद देईनासा होतो आणि उत्तम पर्याय हातचा जातो.

या औषधांच्या नावांतील अंत्यपदे त्यांचे कूळ सांगतात. झिडोव्हुडिन, स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन यांतील 'व्हुडिन' आणि टेनोफोव्हिरमधील 'फोव्हिर' ही विषाणूच्या जनुकीय नकलेस अडथळा करणाऱ्या औषधांची चिन्हे होत. नेव्हिरापिन व एफाव्हिरेन्झ तेच कार्य निराळ्या रीतीने करतात. डोल्युटेग्राव्हिरमधील 'टेग्राव्हिर' मात्र ती नकल पेशीच्या जनुकांत मिसळू न देणाऱ्या औषधाचे होय.

२००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा संच वर्षाला सुमारे ३५० डॉलरांत देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत विनामूल्य उपचार सुरू झाले. आरंभीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. त्या काळी प्रचलित असलेले स्टॅव्हुडिन स्वस्त खरे, परंतु त्याने पायांच्या नसा दुखावत व चेहऱ्यावरील चरबी झडे. झिडोव्हुडिनने रक्तक्षय, तर नेव्हिरापिनने पुरळ व यकृतास इजा संभवे. पुढे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व एफाव्हिरेन्झ यांची एकच गोळी आली. तीत भोवळ व विचित्र स्वप्ने हा उपद्रव होता. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एफाव्हिरेन्झऐवजी डोल्युटेग्राव्हिरला अग्रक्रम दिला. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही पुढे तेच स्वीकारले.

डोल्युटेग्राव्हिरने रक्तातील विषाणू लवकर घटतात आणि विषाणूस त्याविरुद्ध प्रतिकार कमावणे कठीण जाते. तथापि निद्रानाश व वजनवाढ होऊ शकते. टेनोफोव्हिरमुळे मूत्रपिंडांवरही लक्ष ठेवावे लागते. क्षयावरील रिफाम्पिसिन डोल्युटेग्राव्हिरचा प्रभाव घटविते. म्हणून दोन्ही रोग असता ते ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. एफाव्हिरेन्झच्या बाबतीत असा फेरफार सहसा लागत नाही. मुंबईत क्षय दुर्मीळ नसल्याने ही तुलना केवळ पुस्तकी नव्हे.

जुन्या गोळीस टी.एल.ई. व नव्या गोळीस टी.एल.डी. म्हणतात. 'ई' आणि 'डी' यांचा शेवट एकाच स्वरात होतो. गर्दीच्या खिडकीपाशी दोहोंतील फरक कानास क्वचितच जाणवेल. सांताक्रूझसारख्या उपनगरात तर शेजारी शेजारी निरनिराळ्या भाषा बोलल्या जातात. म्हणून गोळी बदलताना लघुरूपावर विसंबून न राहता औषधाचे पूर्ण नाव, बदलाचे कारण आणि क्षयाचे, आम्लपित्ताचे वा लोहाचे औषध चालू असल्यास ते डॉक्टरांना सांगण्याची आवश्यकता, एवढ्या तीन गोष्टी रुग्णास त्याच्या भाषेत समजावून देणे अगत्याचे आहे.