दार लावून केलेली प्रार्थना

ख्रिस्ती जीवनरीत : लेखांक ६

गेल्या लेखात आपण रविवारच्या सामूहिक उपासनेचा विचार केला. भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांत त्यापुढचा प्रश्न उभा राहतो. विखुरलेल्या वस्त्या, पावसाळ्यात अवघड होणाऱ्या वाटा आणि मोजकी ख्रिस्ती घरे. अशा ठिकाणी आठवड्याचे उरलेले सहा दिवस श्रद्धा कशावर जगते? माझ्या मते घरातल्या खासगी उपासनेवर, आणि मंडळीची उपासनाही शेवटी तिच्याच पायावर उभी राहते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात याचा दाखला आहे. कफर्णहूमात संध्याकाळी रोग्यांची रीघ लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच येशू एकांती प्रार्थनेला गेला आणि तिथूनच गालीलभर सेवेला निघाला.

आपल्या जिल्ह्यातलाच पुरावा पाहायचा तर केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंचा पाहावा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या चर्चच्या सभासद झाल्या, धर्मशास्त्र अभ्यासले. तरी धर्म हाती आला पण खुद्द ख्रिस्त भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली, अशी कबुली त्यांनी आपल्या आत्मकथनात दिली आहे. ही भेट घडली ती स्वतःच्या वाचनातून आणि चिंतनातून. म्हणूनच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवण्याचे काम 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत केले. बाई स्वतः शास्त्र वाचू लागली की तिची श्रद्धा पाळकाच्या फेरीवर अवलंबून राहत नाही. भोरच्या दक्षिणेला साताऱ्यात अखेरच्या वर्षांत राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही तेच साधले. त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाचे रूप दिले. हरिपाठ ऐकत वाढलेल्या या मुलखात अभंग जात्यावर, शेतावर, एकट्यानेही म्हणता येतो. त्याला वाद्य लागत नाही, सभागृह लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की अशी भक्ती माणसाला आपल्यापुरती करते. हा धोका खरा आहे, पण त्याचे उत्तर येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतच आहे. खोलीचे दार लावून म्हणायच्या त्या प्रार्थनेत भाकर सगळ्यांसाठी मागायची असते आणि दुसऱ्याचे अपराध क्षमा करायचे असतात. रमाबाईंच्या प्रार्थनेने दुष्काळातल्या अनाथ मुलींना घराबाहेर ठेवले नाही, आत घेतले. दुसरा आक्षेप असा की रोजचा नेम कर्मकांड होतो. देवाची कृपा नेमाने विकत मिळत नाही. बरोबर आहे. पण नेम कृपेची किंमत म्हणून पाळायचा नसतो. पाऊस शेतकऱ्याच्या हाती नाही, तरी खाचराचे बांध तो आधीच घालून ठेवतो. नेमाचे काम तेवढेच. नेम तुटला म्हणून देव रुसत नाही, मात्र वर्षभर बांध फुटलेलाच ठेवला तर पाणी टिकत नाही.

तेव्हा सुरुवात लहान करावी. जेवणाआधी एक स्तोत्र मोठ्याने वाचावे, कॅथलिक घरात जपमाळ म्हणावी, झोपण्यापूर्वी ज्याच्याशी वाद झाला त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. आणि सकाळी उठून त्याच माणसाच्या घरी जावे. पुढच्या लेखात उपवासाविषयी.