उन्हाळी शिबिराने एनडीएचं दार उघडत नाही

मार्च सरत आला की ‘लष्करी’ उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. दहा दिवस निवासी, नेमबाजी, दोरावरून चढणं, शेवटी संचलन आणि प्रमाणपत्र. पाठोपाठ पालकांचा प्रश्न येतो, “याचा पुढे एनडीएला फायदा होतो ना?”

नाही, होत नाही. दरवर्षी सांगूनही हा समज जात नाही, म्हणून सरळ गुणांचाच हिशेब पाहू. एनडीएसाठी, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, केंद्रीय लोकसेवा आयोग लेखी परीक्षा घेतो. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००. त्यानंतर एसएसबी, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत, ९०० गुणांची. या १८०० गुणांवर गुणवत्ता यादी लागते. वैद्यकीय तपासणीत पात्र ठरावं लागतं, ते वेगळंच. शिबिराला यात एकही गुण नाही. आयोगाच्या अधिसूचनेत हे सगळं छापलेलं असतं. शिबिराची फी भरण्याआधी निदान ती तरी वाचा!

“पण एसएसबीत शिबिरांबद्दल विचारतात,” असं यावर हमखास ऐकवलं जातं. विचारतात, खरं आहे. तिथे भरून घेतलेल्या माहितीपत्रकात छंद, खेळ, एनसीसी, शिबिरं यांची नोंद असते आणि मुलाखत घेणारा अधिकारी तिथूनच धागा पकडतो. तिथे काय केलंस, काय जमलं नाही, गटात तुझं काम कोणतं होतं? पाठ केलेली उत्तरं दुसऱ्या-तिसऱ्या उपप्रश्नाला संपतात. शिवाय मानसशास्त्रज्ञ आणि गटचाचणी अधिकारी आपापलं मूल्यमापन स्वतंत्रपणे करतात. शब्दचाचणीत ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. तिथे प्रमाणपत्र दाखवायला वेळही नसतो आणि जागाही.

काहींनी अमेरिकेतलं ऐकलेलं असतं. वेस्ट पॉइंट आणि ॲनापोलिसच्या अकादम्या स्वतः शालेय मुलांसाठी उन्हाळ्यात आठवडाभराचा कार्यक्रम घेतात. पण त्यात निवड झाली म्हणून प्रवेशाची हमी तिथेही मिळत नाही. आपल्याकडची शिबिरं तर खासगी.

मुलाने शिबिराला जरूर जावं. पळावं, पोहावं, घराबाहेर राहायला शिकावं. मात्र ते त्यासाठीच. बारावीच्या उंबरठ्यावरच्या मुलाचं गणित कच्चं असेल, तर सुट्टी गणिताला द्यावी, कारण चुकीच्या उत्तराला तिथे गुण कापले जातात.

आणखी काही समज. सैनिकी शाळेतल्या मुलांना एनडीएत राखीव जागा असतात: नसतात. एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राने एनडीए सोपी होते: त्याचा उपयोग पदवीनंतरच्या काही प्रवेशांना होतो, एनडीएला नाही. मुलींना एनडीए बंद आहे: पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

खरी तयारी हवी असेल, तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था पाहा. राज्य शासनाने १९७७ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत मुलांची अकरावी-बारावीची दोन वर्षं एनडीएच्या तयारीत जातात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे. दोन्हींसाठी अर्ज दहावीच्या वर्षातच करावा लागतो, निकालानंतर नव्हे.