हाली सात, कलदार सहा

“कागद फिरवू नका, नाना. फिरवला की साताचे आठ होतात.”

सर हे तिसऱ्यांदा सांगत होते. उर्दूतला सात म्हणजे दोन्ही हात वर केलेला माणूस, आणि आठ म्हणजे तोच उलटा, खोपीच्या छपरासारखा. सर भिंतीला पाठ लावून बसलेले, नाना त्यांच्या समोर. त्यामुळे सरांना जिथं सात दिसत होते तिथं नानांना आठ. नाना माझे थोरले चुलते. आपल्या आज्याच्या नावानं आठ एकर होते, असं ते लहानपणापासून ऐकत आलेले. उताऱ्यावर मात्र सात आणि वर काही गुंठे. मधला एक एकर कुठं मुरला, हे शोधायला जांब समर्थच्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर आम्ही सकाळपासून बसलो होतो.

असा शोध विहिरीच्या पायऱ्या उतरावा तसा खाली खाली जातो. वर आजचा सातबारा आणि गट नंबर. खाली एकत्रीकरणाचा नऊ तीन–नऊ चारचा उतारा. सर्व्हे नंबर जाऊन गट कसे पडले ते तिथं कळतं. त्याच्या खाली १९५४-५५ चं खासरा पत्रक. मराठवाड्यात जमिनीचा कुठलाही वाद असो, वकील पहिला ‘खासरा आहे का?’ असंच विचारतो. आणि तळाशी सेतवार, निजामाच्या बंदोबस्तातला, उर्दूतला. तिथवर गेलं की आपल्या हातातला दिवा विझतो आणि सरांसारखा माणूस लागतो.

सर जालन्याचे, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्याकडे महिन्याकाठी एखादा कागद यायचा. २०२३ साली इथून जवळच्याच अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. “लोक दूध घालायला यावेत तसे पहाटे दारात,” सर सांगतात. पैसे ठरवून घेत नाहीत, पण चहा मात्र दर तासाला लागतो.

वाचायची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. आधी वाचतच नाहीत. कागद उजेडाकडे धरून नुसता न्याहाळतात, कारकुनाचा हात ओळखून घेतात. शिकस्ता लिपीत नुक्ते गाळायची चाल. घाईतला कारकून टिंबं देतच नाही, आणि टिंबं नसली की ज, ह, ख सारखेच. मग सर त्याच पानावर एखादा असा शब्द शोधतात की जो दुसरा कुठला असूच शकत नाही. आमच्या पानावर तो ‘पट्टेदार’ निघाला. त्यावरून या कारकुनाचा ‘प’ कसा, ‘ट’ कसा, ‘द’ला तो शेपूट किती देतो हे त्यांनी मनाशी ठरवलं. त्यानंतर मग नाव, बापाचं नाव, आडनाव.

गावाच्या नावाचीच गंमत. उर्दूत ‘ब’च्या आधी येणारा ‘म’ पुष्कळदा ‘न’ लिहून दाखवतात. गुंबद बोलायचा, पण लिहायचा गुनबद. तसा आमच्या कारकुनानं जांब ‘जानब’ लिहिला. आता या अक्षरांचा उर्दूत सरळ वाचून होणारा शब्द ‘जानिब’, म्हणजे ‘च्या बाजूला’. पहिल्या खेपेला एका कचेरीतून आम्हाला भलत्याच गावची नक्कल मिळाली होती. तिथल्या माणसानं गावाचं नाव वाचलंच नसावं, दिशा वाचली असावी.

हा कागद ज्या राज्याचा, त्याचं पुढं काय झालं ते शाळेत दोन ओळींत संपतं: १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा घुसल्या, १७ ला निजाम शरण आला. पाच दिवस. पण राज्य पाच दिवसांत शरण येतं, त्याचं दप्तर येत नाही. त्या दप्तराचं सालसुद्धा वेगळं होतं. फसली सन, आणि महिने अजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी. अजूर ऑक्टोबरात लागायचा. फसलीत ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, जानेवारी उलटल्यावर ५९१. सर हे बोटांच्या पेरांवर करतात, मला कागद लागतो. ज्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली तो दप्तराच्या लेखी १३५७ फसलीचा आबान महिना होता.

आणि चलन. नानांनी गाठोड्यातून एक जुनी धाऱ्याची पावती काढली तेव्हा सरांचा पहिला प्रश्न, “हाली की कलदार?” हाली म्हणजे निजामाचा रुपया, चारमिनारचं चित्र असलेला. कलदार इंग्रजांचा. सात हालीला सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. पावतीवरची रक्कम आकड्यांत नव्हतीच, सियाकच्या वेटोळ्यांत होती. अरबी संख्यानामं झिजून झिजून ज्या खुणा उरल्या, त्यात हिशोब मांडायची ती जुनी तऱ्हा. सरांनी वाचली: साडेदहा रुपये. “हाली असले तर कलदार नऊ,” नाना पटकन म्हणाले. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. हा हिशोब त्यांना शाळेनं शिकवला नव्हता, आजीनं शिकवला होता. ती शेवटपर्यंत नोटेलाही ‘कलदार’च म्हणायची.

या पावतीवरच्या दोन चलनांच्या हिशोबावरून मला माझ्या भाचीची आठवण झाली. ती दोन वर्षं रिगाला शिकायला होती. लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा, आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शापेक्षा थोडा मोठा देश. माणसं वीस लाखांच्या आतबाहेर. १९९१ साली सोव्हिएत संघातून सुटला, १९९५ मध्ये युरोपीय संघाकडे अर्ज केला, आणि आत शिरला १ मे २००४ ला. मधली वर्षं कायदे जुळवण्यात गेली: एकतीस प्रकरणं, एकेक करून उघडायची आणि मिटवायची. मासेमारी, शेती, पर्यावरण, जकात, सगळं. २००३ च्या सप्टेंबरात सार्वमत घेतलं, शंभरातल्या साधारण ६७ जणांनी हो म्हटलं. भाचीच्या घरमालकिणीला एवढं सगळं आठवत नव्हतं. तिला आठवत होते ते भाव. युरो आला १ जानेवारी २०१४ ला, पण तीन महिने आधीपासून दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर दोन-दोन किमती लावायची सक्ती होती, एक त्यांच्या जुन्या चलनात, लाटमध्ये, एक युरोत. दर ठरलेला: एका युरोला ०.७०२८०४ लाट. दशांशानंतर सहा आकडे! सात-सहाचा आपला हिशोब त्यापुढं फारच माणसातला म्हणायचा.

दोन्ही नाणी एकत्र चालायला त्यांनी मुदत दिली दोन आठवडे. आपल्याकडं हालीची छपाई १९५१ मध्ये थांबली आणि चलन म्हणून हाली रद्द झाला १९५९ साली. मध्येच १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. म्हणजे काही काळ बाजाराला गेलेल्या माणसाच्या डोक्यात हालीचे आणे, कलदारचे आणे आणि नवे पैसे असे तीन तराजू एकदम डुलत असणार. मात्र एक गोष्ट लाटव्हियाची चांगली. उडी मारणाऱ्या माशाचं ते एक लाटचं नाणं आजही त्यांच्या मध्यवर्ती बँकेत नेलं तर बदलून मिळतं, त्याला मुदतच नाही. आजीच्या डबीतला हाली रुपया आता फक्त सोनाराला दाखवायचा.

भाचीनं हे सगळं ओसरीवर एकदा सांगितलं होतं तेव्हा नानांनी एकच विचारलं होतं, “जमिनीचं काय केलं त्यांनी?” मला तेव्हा हसू आलं. नंतर कळलं, प्रश्न नेमका होता. सोव्हिएत काळात गेलेल्या जमिनी परत द्यायच्या ठरल्या तेव्हा लाटव्हियानं तारीख धरली २१ जुलै १९४० ची: त्या दिवशी ज्याची, त्याची किंवा त्याच्या वारसांची. म्हणजे तिथंही पन्नास वर्षांपूर्वीचे कागद उकरणं आलंच. आणि संघात गेल्यावरही बाहेरच्यांना शेतजमीन विकायची नाही ही सवलत त्यांनी आधी सात वर्षं मागून घेतली, पुढं २०१४ पर्यंत वाढवली. नाना म्हणाले, “शहाणे आहेत.”

लाटव्हियाच्या लोकांना विचारून संघात नेलं, आम्हाला विचारलं नाही, एवढा फरक आहेच. आमच्याकडं आधी रझाकार आणि मग फौज. त्या महिन्यांत मराठवाड्यात दोन्ही बाजूंची माणसं मेली, आणि नंतरच्या कत्तलींचा सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवलेला होता. सरांच्या समोर हा विषय नाना काढत नाहीत, सरही काढत नाहीत. चहा येतो.

पण कागदाच्या पातळीवर जुळवून घ्यायचं काम दोन्हीकडं सारखंच चिवट. १९४९ मध्ये सर्फेखास, म्हणजे निजामाचा खासगी मुलूख, आणि जहागिऱ्या गेल्या. २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद भारताचं राज्य झालं, निजाम राजप्रमुख. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. तरी जमीन महसुलाचा कायदा चालू होता तो हैदराबादचा, १३१७ फसलीचा! तो गेला १५ ऑगस्ट १९६७ ला, महाराष्ट्राची महसूल संहिता लागू झाली तेव्हा. कूळकायदा तर अजूनही ‘हैदराबाद’ नावाचाच आहे, १९५० चा. पुण्याचा वकील इथं आला की त्याला पहिले दोन दिवस नवं पुस्तक वाचावं लागतं. एक मे मात्र आमच्या मागं लागलेला दिसतो: महाराष्ट्र १ मेचा, औरंगाबादेतून तोडलेला जालना जिल्हाही १ मेचाच, १९८१ चा, आणि लाटव्हियाचा दिवसही तोच.

आणि हे सगळं कुठल्या गावात, तर ज्या गावचा बारा वर्षांचा नारायण ठोसर, पुढचे समर्थ रामदास, ‘सावधान’ कानी पडताच बोहल्यावरून पळाला असं सांगतात, त्या गावात. रामनवमीला इथं समर्थांच्या नावानं गर्दी लोटते. लग्न लागण्याआधी सावध व्हायची संधी संस्थानाच्या रयतेला काही मिळाली नाही.

दुपार कलली तशी सरांनी सात-आठचा निकाल लावायचं ठरवलं. पानाच्या तळाशी ‘मीजान’ होती, म्हणजे पानाची एकूण बेरीज. “चला, कारकुनालाच साक्षीला बोलावू.” एकर-गुंठ्यांची बेरीज सर उजवीकडून मांडत गेले; चाळीस गुंठे झाले की एक एकर वर चढवायचा, उरले ते लिहायचे. पेन्सिल नाही, बोटांची पेरंच. आमची ओळ त्यांनी आधी सोडून दिली. बाकीच्या आठ ओळींची बेरीज मीजानमधून वजा केली. उरले सात एकर बारा गुंठे.

“पुन्हा करा,” नाना म्हणाले.

सरांनी पुन्हा केली. या वेळी खालून वर. सात एकर बारा गुंठे.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागद त्यांनी स्वतःच सरांच्या बाजूनं वळून पाहिला, म्हणजे उठून भिंतीला पाठ लावून सरांशेजारी बसले. तिथून त्यांनाही सातच दिसले. आठ एकर बहुधा कुणीतरी असंच समोर बसून वाचले असतील, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी, याच ओसरीवर.

“शेवटचा रकाना राहिला,” सर म्हणाले. कैफियतीचा. शेऱ्यांसाठी तो असतो, आणि बहुतेक ओळींत कोराच. आमच्या ओळीत बारीक अक्षरात काही होतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाला लावला.

“चाह, एक. म्हणजे विहीर. पुख्ता, बांधलेली. आणि दरख्त... आंबा... तीन.”

“तीन कामून?” नाना ताठ झाले. “चार व्हते. शेपू आंबा, गोटी, खोबऱ्या, अन् बांधावरचा तो आंबट. चार.”

“इथं तीन आहेत.”

“बांधावरचा धरला नसंल त्यानं.”

“बांध कुणाचा होता?” सरांनी विचारलं, आणि नाना पायात चपला शोधू लागले.