रंगाचे सांडपाणी आणि पानांच्या काढ्यातली भुकटी

कापड रंगविण्याच्या धंद्यात खरी डोकेदुखी हौदातल्या रंगाची नसून गटारात जाणाऱ्या पाण्याची आहे. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याला पूर्ण धरत नाहीत; उरलेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. तमिळनाडूतील तिरुपूर येथे अशाच पाण्याने नोय्यल नदी नासली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील शेकडो रंगकाम व ब्लीचिंग कारखान्यांना टाळे लागले. मालकाबरोबर रोजंदारीचा कारागीरही घरी बसला.

चुना, तुरटी किंवा फेरस सल्फेट टाकून रंग खाली बसविण्याची रीत आपणांस ठाऊक आहे. पण त्यात रंग नाहीसा होत नाही, गाळात जातो आणि गाळाची विल्हेवाट आपल्याच गळ्यात पडते.

यावर प्रयोगशाळांतून एक उपाय तपासला जात आहे. कडुलिंबासारख्या झाडाची पाने उकळून काढा करतात, त्यात झिंक नायट्रेट मिसळून तापवितात आणि मिळालेला साका भट्टीत भाजतात. पानांतील टॅनिनसारखी द्रव्ये कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यामुळे झिंक ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी मिळते. तिचे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. कण जितका बारीक, तितका पाण्याशी संबंध अधिक. तिच्यावर अतिनील प्रकाश पडला की पाणी व प्राणवायू यांपासून अत्यंत तीव्र रॅडिकल तयार होतात आणि ते रंगाचा रेणू तोडतात. भुकटी स्वतः फारशी खर्ची पडत नाही.

मग अडचण कोठे? बहुतेक प्रयोग एकाच रंगाच्या पातळ द्रावणावर होतात. आपले पाणी गडद असते, प्रकाश आत शिरत नाही. त्यातील मीठ व सोडा रॅडिकल गिळून टाकतात. सूर्यप्रकाशात अतिनील भाग थोडाच असतो. आम्लयुक्त पाण्यात झिंक विरघळते, आणि नदीत सोडायच्या पाण्यात झिंकची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. लोह ऑक्साइडची चुंबकीय भुकटी लोहचुंबकाने काढता येते, पण ती बहुधा रंग केवळ शोषून घेते. पाण्यातले मीठ तर दोन्हींनी जात नाही.

म्हणून ही भुकटी आज तरी मुख्य शुद्धीकरणानंतरचा शेवटचा हात म्हणूनच विचारात घ्यावी. कोणी विकावयास आला तर प्रयोग आपल्या कारखान्याच्या पाण्यावरच करावयास सांगावा. रंग गेला एवढ्यावर समाधान मानू नये, कारण तुटलेल्या अझो रंगातून घातक अमाइन उरू शकतात. आधीचा व नंतरचा सीओडी, बाहेर पडलेले झिंक, भुकटी किती वेळा चालते आणि हजार लिटरला खर्च किती, हे चार आकडे लेखी घ्यावेत. ते मिळाल्याशिवाय पैसा गुंतवू नये.