बोंड फोडून पाहिल्याशिवाय

सकाळी 6.30 : ऊन चढायच्या आत कपाशीत शिरतो. यवतमाळ जिल्हा, सप्टेंबर अखेर. बोंडं भरू लागलीत. पंप तयार ठेवून काका बांधावर उभे. "साहेब, फवारा मारू का?" "थांबा काका, आधी बोंडं फोडू." वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडतो. दोनांत गुलाबी अळी निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली असं धरायचं. आज एकातच निघाली. "आज नको. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली फुलं) दिसल्या की वेचून नष्ट करा, सापळ्यातले पतंग रोज मोजा." औषधाचा खर्च वाचला. शिवाय याच जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. गरज नसलेला फवारा टाळणं हाही जीव वाचवण्याचाच भाग आहे.

9.30 : ग्रामपंचायत. एक ताई स्वावलंबन योजनेतल्या विहिरीचं विचारतात. ते काम जिल्हा परिषदेकडे, म्हणजे पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्यांकडे. ठिबकचं अनुदान राज्याच्या कृषी विभागाकडे. मी त्या विभागाचा सहाय्यक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचा कृषी सहाय्यक. 1962 पासून जिल्हा परिषदा आहेत, पण शेतकऱ्याला आजही दोन दारं झिजवावी लागतात. ताईंचे कागद तपासून देतो, पंचायत समितीत फोन लावतो.

11.30 : ठिबकची मोका तपासणी. नळ्या मोजायच्या, शेतकऱ्यासह फोटो काढायचा. रेंज नाही, फोटो चढवायला टेकाडावर जावं लागतं.

दुपारी 2.00 : नाल्याकाठी पीक-नुकसानीचा पंचनामा. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि मी. मदतीसाठी नुकसान 33 टक्के तरी भरावं लागतं. बांधावरून अंदाज बांधला तर मधला चिबडलेला पट्टा सुटतो, म्हणून तिघंही चिखलातून आरपार चालतो.

4.30 : आढावा बैठक. किती अर्ज, किती फोटो, उद्दिष्ट किती टक्के? हे आकडे हवेतच. त्यांच्यावरच लोकांचं अनुदान अडतं किंवा सुटतं. पण सकाळी टळलेल्या फवाऱ्याला तक्त्यात रकाना नाही. ज्याला रकाना नाही, ते काम हळूहळू मागे पडतं. चांगला सहाय्यकही मग शेतापेक्षा फोनकडे जास्त बघतो.

रात्री 8.00 : 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी टिपण करतो. कुठल्या शिवारात अळी, काय सल्ला दिला, कोणाचं प्रकरण कुठल्या कार्यालयात थांबलंय. हे टिपण माझ्याकडे कोणी मागितलेलं नाही. मागायला हवं. माझी हजेरी, बढती, बदली वरून ठरते. सल्ला खरा ठरला की खोटा, हे मात्र गावालाच कळतं. ग्रामसभेने सहाय्यक कृषी अधिकाऱ्याचा हिशेब घ्यावा, तिचा शेरा तालुक्याच्या मूल्यमापनात धरावा आणि राज्य व जिल्हा परिषदेच्या कृषी योजनांसाठी गावात एकच दार असावं. सत्तेचं विकेंद्रीकरण शेतकऱ्याच्या उपयोगी पडायचं, तर कामाचा जाबही गावातच विचारला गेला पाहिजे.