मोटारीचे एंजिन विमानाला लावताना

विमान घरी बांधता येते का? प्रश्न ऐकून हसू येईल, पण उत्तर 'होय' असे आहे. मुंबईच्या कांदिवली उपनगरात, चारकोप येथे, वैमानिक अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण-चाचणी झाली. मधल्या काळात, २०१८ साली, पालघर जिल्ह्यात विमाननिर्मिती करण्याविषयी त्यांच्या कंपनीचा राज्य शासनाशी करारही झाला.

परदेशांत अशी घरगुती विमाने हजारोंनी उडतात. विमानासाठी खास बनविलेले एंजिन फार महाग पडते. म्हणून काही हौशी मंडळी मोटारीचे एंजिन घेतात, आणि त्यांतील काहींची पसंती 'चक्री' एंजिनाला असते. एंजिन हलके, लहान आणि दणकट. पण ते विमानात बसविताना दोन प्रश्न पुढे येतात: पंखा कोणता लावायचा आणि एंजिन थंड कसे ठेवायचे? हे प्रश्न वेगवेगळे दिसतात. प्रत्यक्षात ते एकमेकांत गुंतलेले आहेत. कसे ते पाहू.

चक्री एंजिन म्हणजे काय?

या नावाची दोन एंजिने आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिले जुने. फ्रान्समधील सेगँ बंधूंनी १९०८-०९ च्या सुमारास 'नोम' नावाचे एंजिन तयार केले. त्यात दांडा स्थिर असे आणि सगळी सिलिंडरे पंख्याबरोबर गरगर फिरत. असे का? तर फिरणाऱ्या सिलिंडरांना आपोआप वारा लागावा आणि ती थंड राहावीत म्हणून! विमानाच्या एंजिनाला थंड ठेवण्याची चिंता किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

दुसरे, आपल्या विषयाचे, जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखले जाते. ते १९५७ साली प्रथम चालले. यात वरखाली होणारा दट्ट्या नाही आणि झडपाही नाहीत. किंचित फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी घूर्णक लांबट पोकळीत फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि पोकळीची भिंत यांमध्ये तीन कप्पे होतात. घूर्णक फिरेल तसे हे कप्पे लहानमोठे होतात. त्यांत मिश्रण ओढले जाते, दाबले जाते, पेटते आणि बाहेर फेकले जाते. घूर्णकाच्या एका फेऱ्यात मधला दांडा तीन फेरे घेतो. जपानच्या माझ्दा कंपनीने १९६७ पासून अशी एंजिने मोटारींत बसविली. हौशी विमानबांधणीत बहुधा याच कंपनीची दोन घूर्णकांची एंजिने वापरली जातात.

महाराष्ट्राचाही या एंजिनाशी संबंध आहे. आपल्या सेनेच्या 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल एंजिन तयार करण्यात आले. त्याचे वजन सुमारे ३० किलो होते. बंगळूरची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा व वैमानिकी विकास संस्था यांच्याबरोबर या कामात अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) वाहन संशोधन व विकास संस्था सहभागी होती. मार्च २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे हे एंजिन घेऊन निशांत प्रथम उडाले.

पंखा किती वेगाने फिरवावा?

वांकेल एंजिन भरपूर शक्ती देते ते दांडा मिनिटाला सहा हजार फेरे घेत असताना. मग पंखा सरळ दांड्यालाच जोडला तर? गणित करून पाहू.

पंख्याचा व्यास १.८ मीटर धरा. त्याच्या टोकाचा एका फेऱ्यातील प्रवास सुमारे ५.६५ मीटर. सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला १०० फेरे. तेव्हा टोकाचा वेग सेकंदाला ५६५ मीटर झाला. पण ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५२ मीटरच असतो! पंख्याचे टोक ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेत धक्कालहरी उठतात, कर्णकर्कश आवाज होतो आणि शक्ती विमान ओढण्याऐवजी हवा घुसळण्यात वाया जाते.

म्हणून मध्ये दंतचक्रांची पेटी घालून वेग कमी करावा लागतो. २.१७ पट आणि २.८५ पट वेग कमी करणाऱ्या पेट्या प्रचारात आहेत. पहिलीने पंखा मिनिटाला सुमारे २,७६५ फेरे घेईल आणि टोकाचा वेग सेकंदाला २६१ मीटर होईल. हे चालण्यासारखे आहे. दुसरीने फेरे २,१०५ वर येतात. मग व्यास २.१ मीटर केला तरी टोकाचा वेग २३१ मीटरच राहतो.

मोठ्या पंख्याचा लाभ काय? समजा, विमान जागेवर उभे आहे. पंख्याने सेकंदाला १०० किलो हवा १० मीटर वेगाने मागे ढकलली, तर १,००० न्यूटन ओढ मिळते. ५० किलो हवा २० मीटर वेगाने ढकलली, तरी ओढ तेवढीच. पण हवेला दिलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते: पहिल्या प्रकारात ५ किलोवॉट, दुसऱ्यात १० किलोवॉट. एकाच ओढीला दुप्पट खर्च! म्हणून पुष्कळ हवा सावकाश ढकलणे किफायतीचे. मात्र पंखा मोठा झाला की तो जमिनीला लागू नये म्हणून विमानाचे पाय उंच करावे लागतात आणि वजनही वाढते.

शिवाय पात्याचा पीळ ठरवावा लागतो. कमी पिळाचा पंखा उड्डाणाच्या वेळी चांगला. जास्त पिळाचा पंखा सरळ, वेगवान प्रवासात चांगला. एकच गियर असलेल्या सायकलीची जी अडचण, तीच ठराविक पिळाच्या पंख्याची: चढणीला जमवावे तर सपाटीवर पाय भराभर मारावे लागतात, सपाटीला जमवावे तर चढण जड जाते. उडताना पीळ बदलता येणारे पंखे मिळतात, पण ते महाग, जड आणि अधिक गुंतागुंतीचे असतात.

उष्णता न्यायची कुठे?

आता दुसरा प्रश्न. एंजिन १५० अश्वशक्ती, म्हणजे ११२ किलोवॉट, देत आहे असे धरू. पेट्रोलच्या ऊर्जेचा मोठा भाग धुराड्यातून जातो, पण पाणी आणि तेल यांनाही बरीच उष्णता वाहून न्यावी लागते. हिशेबासाठी ती ८० किलोवॉट मानू. माझ्दाच्या एंजिनात घूर्णक आतून तेलानेच थंड केला जातो. त्यामुळे या उष्णतेचा सुमारे एक-तृतीयांश वाटा तेलाकडे येतो, आणि तेलाचा रेडिएटर लहान ठेवून भागत नाही.

वांकेलची आणखी एक खोड आहे. दट्ट्याच्या एंजिनात एकाच सिलिंडरात थंड मिश्रण येते आणि तेथेच ते पेटते. वांकेलमध्ये थंड मिश्रण नेहमी एका बाजूने येते आणि ज्वलन नेहमी दुसऱ्या बाजूला होते. एक बाजू कायम तापलेली, दुसरी थंड. एंजिन प्रमाणाबाहेर तापले, तर ॲल्युमिनियम आणि लोखंडाचे भाग कमीजास्त प्रसरण पावतात, त्यांच्यामधली पाणी अडवणारी बंधने निकामी होतात आणि पाणी गळू लागते.

आता कल्पना करा, की मे महिन्यात दुपारी वसईजवळच्या एखाद्या मैदानावरून असे विमान उडत आहे. बाहेरची हवा ३५ अंश. रेडिएटरमधून जाताना ती ६५ अंशांपर्यंत तापते असे धरू. ८० किलोवॉट उष्णता नेण्यासाठी सेकंदाला सुमारे २.६५ किलो, म्हणजे २.३ घनमीटर हवा लागेल. तेच विमान ५ अंश तापमानाच्या थंड देशात असते, तर निम्म्या वजनाच्या हवेत काम भागले असते. तिकडच्या विमानाचा रेडिएटर जसाच्या तसा उचलून कोकणपट्टीत बसविता येणार नाही, हे यावरून कळेल.

धोक्याची दोन मिनिटे

ही हवा रेडिएटरमधून ढकलतो कोण? मुख्यतः विमानाचा वेग. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. विमान चढताना सेकंदाला ४० मीटर आणि सपाट प्रवासात ७० मीटर वेगाने जाते असे धरा. चढतानाचा दाब प्रवासातील दाबाच्या जेमतेम एक-तृतीयांश भरेल. एंजिन तर चढतानाच पूर्ण शक्तीने चालत असते! उष्णता सर्वांत जास्त तेव्हाच वारा सर्वांत कमी.

समजा, रेडिएटर ८० ऐवजी ६० किलोवॉटच उष्णता टाकू शकतो. उरलेली २० किलोवॉट एंजिनातच साठेल. एंजिन आणि पाणी मिळून एक अंशाने तापायला १०० किलोज्यूल लागतात असे धरले, तर तापमान मिनिटाला १२ अंशांनी वाढेल. ८५ अंशांवरून निघालेले पाणी दोन मिनिटांत १०९ अंशांवर! तोवर विमान फार तर सहाशे मीटर उंचीवर असेल. खाली वसई-विरारची दाट वस्ती, खाडी आणि रेल्वेचे रूळ. तिथे एंजिन बंद पडले तर उतरायचे कुठे?

पंखा आणि रेडिएटर यांची गाठ इथेच पडते. प्रवासाच्या वेगावर नजर ठेवून जास्त पिळाचा पंखा निवडला, तर विमान सावकाश चढते आणि कमी वाऱ्यात जास्त मिनिटे तापत राहते. चढाईला योग्य पंखा ही मिनिटे कमी करतो. दोन्ही निवडी चढाईचा विचार करूनच करायला हव्यात, त्याही सर्वांत उष्ण दिवसाच्या चढाईचा.

मग रेडिएटर खूप मोठा करून मोकळा टाकावा का? तसे केले तर उरलेला सगळा प्रवास तो विमानाला मागे ओढील. यावर उपाय म्हणजे नळीची योग्य रचना. तोंड लहान ठेवावे; पुढे नळी हळूहळू रुंद करावी, म्हणजे हवा मंदावते आणि तिचा दाब वाढतो; रेडिएटर पार केल्यावर नळी पुन्हा निमुळती करावी. इंग्लंडमधील मेरेडिथ या संशोधकाने १९३० च्या दशकात दाखविले, की अशी तापलेली हवा मागे वेगाने सोडली तर रेडिएटरचा अडथळा बराच भरून निघतो. बाहेरच्या तोंडाला झडप बसविली, की चढताना ती उघडावी आणि प्रवासात मिटावी. वैमानिकाच्या हातातही एक उपाय असतो: नाक थोडे खाली करून ४० ऐवजी ४५ मीटर वेगाने चढणे. वेग पाच मीटरनेच वाढतो, पण वाऱ्याचा दाब २७ टक्क्यांनी वाढतो.

म्हणूनच जाणते बांधणारे जमिनीवरच एंजिन तासन् तास चालवून पाण्याची आणि तेलाची तापमाने नोंदवतात. आपल्या देशात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीवाचून असे विमान उडवता येत नाही, ते याच कारणासाठी.

करून पाहा: घरातील छताच्या पंख्याचा व्यास मोजा. तो १.२ मीटर असेल आणि पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग किती? उत्तर सेकंदाला सुमारे २२ मीटर येईल. मग हेच टोक ध्वनीच्या वेगाला पोहोचण्यासाठी पंख्याला मिनिटाला किती फेरे घ्यावे लागतील, ते वर्गात काढा.