पाण्यापलीकडची जमीन : नाव, वहिवाट आणि वाट

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे. तेथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला महाबळेश्वर आहे आणि तेथे पावसाचा आकडा साडेपाच-सहा हजार मिलिमीटरपर्यंत जातो. दुष्काळी पट्ट्याच्या अडचणींविषयी आपण नेहमी वाचतो. घाटमाथ्यावरच्या दुर्गम गावांची अडचण वेगळी आहे. तेथे पाणी उदंड आहे, पण त्या पाण्यानेच वाट अडवली आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडील आणि कांदाटी खोऱ्यातील गावांचे जीवन, तेथील शेतजमिनीची मालकी आणि येण्याजाण्याची साधने या तीन गोष्टी एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, हे शेतकरी बंधू-भगिनींपुढे मांडण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

गावे दुर्गम कशी झाली?

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेकडे वाहते. पाटण तालुक्यात हेळवाकजवळ तिच्यावर १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. १९६० नंतरच्या दशकात जलाशय भरला. त्याची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. नदीकाठची सपाट भातजमीन पाण्याखाली गेली. अनेक गावांचे पुनर्वसन सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत झाले. काही कुटुंबे मात्र डोंगराच्या वरच्या अंगाला सरकली आणि तेथेच राहिली. पुनर्वसनाचा पहिला राज्य कायदा १९७६ सालचा आहे, म्हणजे तो कोयनेच्या विस्थापनानंतरचा आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

राहिलेल्या कुटुंबांच्या वाट्याला प्रामुख्याने उताराची वरकस जमीन आली. तीत नाचणी, वरी आणि ओघळाच्या खाचरात भात एवढीच पिके निघत. घरातील एक-दोन तरुण मुंबईला जात आणि त्यांच्या मनिऑर्डरवर घर चाले. आज या भागातील अनेक गावांत पावसाळ्यात मोजकी वडीलधारी माणसे असतात. गाव भरलेले दिसते ते जत्रेला आणि गणपतीला.

सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातील वारणा खोऱ्याची स्थिती याच जातीची आहे. तेथे चांदोली धरण झाले, १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. कोयना अभयारण्यही १९८५ चेच. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. जंगलातील गावे बाहेर हलवण्यात आली. सीमेवर राहिलेल्या गावांना गवा आणि रानडुक्कर यांचा उपद्रव नित्याचा झाला आहे.

प्रवासाचा पीकपद्धतीवर परिणाम

बामणोली किंवा तापोळ्याहून लाँचने पलीकडे जाता येते. जलाशय भरलेला असतो तेव्हा लाँच गावाच्या जवळ लागते. उन्हाळ्यात पाणी उतरले की धक्का मागे पडतो आणि ओझे डोक्यावर घेऊन गाळातून चढण चढावी लागते. पावसाळ्यात वारा आणि धुके असले की फेरी रद्द होते. कांदाटी खोऱ्यातील लोकांना दुसरी वाट कोकणाची. चकदेवच्या डोंगरावरून शिड्यांच्या वाटेने खेड तालुक्यात उतरता येते, आणि कित्येक घरांच्या सोयरिकी त्यामुळे कोकणात झालेल्या आहेत. तापोळा भागात आता जलाशयावर मोठ्या पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत.

एका शेतकरी मेळाव्यासाठी आम्ही पलीकडे गेलो असता एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, ‘साहेब, तुम्ही खताचं पोतं सांगता, पण ते धक्क्यावरून वर कोण आणणार?’ प्रश्न रास्त होता. दुर्गम भागासाठी शिफारस करताना उत्पादनाइतकाच वाहतुकीचा विचार करावा लागतो. त्या दृष्टीने पुढील बाबी उपयुक्त ठरतात :

१) जे धक्क्यावर दोन दिवस पडून राहिले तरी खराब होत नाही, ते पीक निवडावे. नाचणी, वरी, भात आणि मध ही अशी उत्पादने आहेत. स्ट्रॉबेरीचा भाव चांगला असला तरी फळ नाजूक असते. पक्का रस्ता असलेल्या गावांनीच तिचा विचार करावा.

२) बाहेरून आणावयाचे खत कमी करण्यासाठी बांधावर गिरिपुष्प लावावे. चारसूत्री भात पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला, भाताचा पेंढा व तुसाची राख, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट यांचा अवलंब होतो. ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये खोचल्याने खत वाहून जात नाही व कमी लागते.

३) सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. थोड्या वजनात अधिक मोल असलेला हा माल आहे.

४) वन्यप्राण्यांनी पिकाचे नुकसान केल्यास तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. लाँच नव्हती म्हणून उशीर झाला, ही सबब कागदावर टिकत नाही.

सातबारावरील नाव

या गावांत फिरताना सर्वांत काळजी वाटते ती जमिनीच्या कागदांची. कित्येक सातबारांवर आजही आजोबा-पणजोबांचे नाव आहे. खातेदार वारले, मुले मुंबईत, तलाठी कार्यालयाला जायचे तर लाँच आणि एसटी मिळून अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे वारसनोंद राहून जाते. उदाहरणादाखल, आठ एकरांच्या खातेदारास चार मुलगे व दोन मुली आणि त्या प्रत्येकास चार अपत्ये असतील, तर तिसऱ्या पिढीत चोवीस हिस्सेदार होतात. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी तेरा गुंठे येतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला आहे. तेव्हा ‘बहिणीचे नाव कशाला?’ असे म्हणून ते वगळणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पुढे वादाचे मूळ ठरते.

नोंदी अपुऱ्या असल्या की त्याचा फायदा बाहेरचा माणूस घेतो. मध्यस्थ मुंबईतील एकेका हिस्सेदाराला स्वतंत्रपणे गाठतो. ज्याने वीस वर्षांत जमीन पाहिलेली नाही, त्याला मिळेल ती रक्कम मोठी वाटते. मग गावात राहून कसणारा भाऊ एके दिवशी परक्याचा सहहिस्सेदार होतो. महाबळेश्वर तालुक्यातील झाडाणी येथील मोठ्या जमीनखरेदीचा विषय २०२४ मध्ये वृत्तपत्रांतून गाजला, तो याच कांदाटी खोऱ्यातला. नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्पाच्या चर्चेमुळे या भागातील जमिनीकडे ओढा आणखी वाढला आहे. जमीन विकावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे. मात्र तो कागद समजून आणि सर्वांनी एकत्र बसून घेतलेला असावा.

काय करावे?

१) खातेदार मयत झाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवून वारसनोंद करावी. ई-हक्क प्रणालीवरून हा अर्ज मुंबईत बसूनही करता येतो.

२) फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. नोटीस चावडीवर लागते आणि वारस परगावी असतात. म्हणून वर्षातून एकदा तरी डिजिटल सातबारा व आठ-अ काढून पाहावा.

३) जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली सहहिस्सेदारांच्या संमतीने तहसीलदारांमार्फत वाटप करून घ्यावे. सर्व मंडळी गावी येतात ते गणपतीचे दिवस या बोलण्यास सोयीचे.

४) गाव नमुना बारामध्ये जमीन ‘पड’ लागू देऊ नये. ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आहे. मोबाईलची अडचण असल्यास गावासाठी नेमलेल्या सहायकाची मदत घ्यावी. भाऊ जमीन कसत असल्यास त्याच्याशी साधा लेखी करार असावा.

५) सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र कोणासही देऊ नये.

६) शेतजमीन विकत घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो आणि कमाल धारणा कायद्यानुसार जिरायत जमिनीची मर्यादा कुटुंबास ५४ एकर आहे. पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोनची असते व ती परवानगीशिवाय विकता येत नाही.

७) शेताची वाट कोणी अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागावी. नवीन वाट हवी असल्यास महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो.

समारोप

नाव, वहिवाट आणि वाट ही तीन एकमेकांस धरून आहेत. वाट नसली की जमीन पड राहते. पड राहिली की वारसांना ती नकोशी होते आणि नाव लावण्याची निकड कोणाला वाटत नाही. नाव नसले की जमीन स्वस्तात जाते. पूल होतील, रस्ते होतील आणि आज ज्या खडकाळ तुकड्याकडे कोणी पाहत नाही त्याला मोल येईल. ते मोल कसणाऱ्या घराच्या पदरात पडावयाचे असेल, तर पूल पुरा होण्याची वाट न पाहता कागद पुरे करावेत. मुंबईकर बांधवांनी यंदा गावी येताना एक दिवस जास्त काढावा, सातबारा सोबत आणावा आणि आपला बांध एकदा पायांनी फिरून पाहावा.